कॉलम-सेंटिमीटर

एकतीस वर्षं मी शब्द वाचले नाहीत, मोजले.
पोलादी पट्टी, तिचे आकडे अंगठ्याखाली झिजलेले.

पुएर्तो सेर्रालला वारा असा, की दार उघडलं
की आधी पावत्या उडायच्या
आणि मग माणूस आत यायचा,
बहुतेक वेळा रडून आलेला.
निधनाची नोंद : चार ओळी. क्रूस फुकट, फोटोचे वेगळे.
"प्रेमळ लिहू की अतिशय प्रेमळ?"
मी पट्टी लावून सांगायचे, अतिशयने ओळ वाढते.
ती पाकिटात डोकावायची. म्हणायची,
नुसतं प्रेमळ पुरे. तसा तो फार नव्हताच.

पत्रकारितेच्या वर्गात शिकवत नसतील,
पण आमच्या पेपराला जगवलं ते मेलेल्यांनी.
शिवाय जुन्या बोटींनी, भाड्याच्या खोल्यांनी,
हरवलेल्या कुत्र्यांनी.
त्यांच्याच पैशावर मिर्ता कुरिन्यांको
मासळीच्या कारखान्यामागे सतरा रात्री गाडीत बसली
आणि कोणता पाइप कधी खाडीत उघडतो
ते लिहून आली.
एका कुत्र्यामागे तिचं एक लिटर पेट्रोल सुटायचं.
वही माझ्याकडे होती, म्हणून सांगते.

मग कुत्री फोनवर हरवायला लागली.
खोल्या फोनवर, बोटी फोनवर,
मेलेलेसुद्धा. आणि तिथे
अतिशय फुकट होतं,
मेणबत्त्या फुकट, रडके चेहरे हवे तेवढे.
लोकांना नावं ठेवत नाही.
माझ्या बहिणीची नोंद मीही तिथेच केली.

रिकामं पान वाईट दिसतं.
ते भरायला नगरपालिका आली.
डोळे वटारून नाही, हसत आली :
समोरासमोरच्या दोन पानांवर नगराध्यक्षांचे दात,
वर्षाचा करार, पैसे आगाऊ.
संपादक बेन्गोआंनी त्या दिवशी
सगळ्यांना एम्पानादा खाऊ घातल्या.
मी दोन खाल्ल्या.

"हे छापू नका" असा फोन कधीच आला नाही.
आमच्या गावात तशी असभ्य माणसं नाहीत.
फक्त मिर्ताची बातमी आली, त्या महिन्यात
चेक नऊ दिवस उशिरा आला.
नऊ दिवसांत कागदवाला दोनदा येऊन बसून गेला.
दहाव्या दिवशी बेन्गोआ खिडकीपाशी उभे राहिले,
बंदराकडे बघत म्हणाले,
पाइपचा दुसरा भाग जरा थांबवू या.

जरा.
ही एवढीच गोष्ट माझ्या पट्टीने मोजता आली नाही.

दुसरा भाग होता तीन कॉलम, अडतीस सेंटिमीटर.
त्या जागी आलं :
स्वच्छ खाडी, आपली खाडी.
तंतोतंत बसलं.
मीच बसवलं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
आमच्याकडे मीठ खाल्लं पेपराने
आणि अळणी राहिलं गाव.

मिर्ता आता कारखान्याच्या जनसंपर्क विभागात असते.
पगार एक तारखेला होतो. भेटली की
माझ्या गुडघ्यांची चौकशी करते,
मी तिच्या मुलाची. खाडीची कुणीच नाही.

मतदानाला गेले तेव्हा रांगेत पुढे
कारखान्यातली एक बाई होती,
सुट्टीच्या दिवशीही बोटांना मासळीचा वास.
वळून म्हणाली, तुम्ही पेपरातल्या ना?
त्या पाइपचं पुढे काय झालं हो?
वारा होता.
मी कानाला हात लावला, ऐकू येत नाही अशी खूण केली.

मत टाकायच्या खोलीला आमच्याकडे अंधारी खोली म्हणतात.
शाळेचा वर्ग असतो,
बाहेरून कुणी बघू नये म्हणून काचांना कागद चिकटवतात.
कागद आमचाच होता, पुष्कळ जुना.
सवयीने वीत लावून पाहिली :
दोन कॉलम, मृत्यू. एक बोट, एक कुत्रा,
तपकिरी, डाव्या कानाला कापलेलं, नाव पिंतो.
टेबलावर पक्षांच्या चिठ्ठ्या ओळीने मांडलेल्या,
सगळ्यांवर हसू, सगळ्यांचं माप सारखं.
एक उचलली. पाकीट चाटून बंद केलं.

बाहेर आले तर ती बाई गेली नव्हती.
भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही अशा जागी
उभी होती.